तुळईचं दुसरं टोक

३ मार्च
आजपासून राग बंद. कायमचा. मागच्या अंगणात डेक बांधायचा, हेही पक्कं. संध्याकाळी मागे बसायला लाकडी डेक हवा, हे बायकोचं जुनं मागणं. ती सध्या माहेरी आहे. कारण क्षुल्लक. बेडरूमचा दरवाजा माझ्याकडून फुटला. पंधरा तारखेच्या रविवारी ती भावाबरोबर येणार, आणि इथे राहायचं की सामान घेऊन जायचं ते त्याच दिवशी ठरवणार. डेक बघून काय ठरवेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

४ मार्च
सुतार आला. म्हणाला, खांब सिमेंटमध्ये उभे करा, वर तुळई चढवा आणि सिमेंट धरेपर्यंत तुळईखाली टेकू ठेवा. मी म्हटलं, टेकू कशाला, तुळई थेट घराच्या भिंतीला बोल्टने ठोकू. तो हसला. हसण्यासारखं काय होतं? मी शांतपणे त्याची हत्यारांची पेटी उचलली आणि शांतपणे कुंपणाबाहेर फेकली. पेटी हवेत उघडली, करवत माझ्याच पोटरीत घुसली. टाके पडले. सुतार गेला. बरं झालं, असली माणसं कामात नकोत.

५ मार्च
भिंतीत ड्रिल केलं. आत पाण्याचा पाइप निघाला. स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. ड्रिल मशीन फरशीवर आपटलं, मग पुन्हा आपटलं. हा राग नव्हे, शिस्त. बोल्टचा विचार रद्द. टेकूच लावायचे. ही कल्पना तशी माझ्या मनात आधीपासून होतीच.

७ मार्च
मेहुणा आपणहून मदतीला आला. बायकोचा धाकटा भाऊ, स्वभावाने गरीब, पण प्रत्येक गोष्टीत मत. टेकूसाठी भाड्याने लोखंडी जॅक आणू म्हणाला. मी विटांची चळत रचणार होतो. विटा सरकतील म्हणाला. पुन्हा म्हणाला. मी समजावून सांगितलं. समजावताना हातात फावडं होतं, त्याला माझा इलाज नाही. त्याच्या नाकाचं हाड मोडलं. त्यानेही मला ढकललं, माझा पुढचा दात गेला. म्हणजे फिटंफाट. एका हाताने टाळी वाजत नाही.
जाताना नाकाला रुमाल धरून म्हणाला, "भाऊजी, ताईला मी काही सांगणार नाही. तुम्हीच सांगा."
सांगेन. योग्य वेळी.

९ मार्च
खड्डे खणले, खांब उभे केले, सिमेंट ओतलं. एकट्याने! आता तुळई. ती मात्र एकट्याने उचलत नाही. शेजारच्या काकांना गोड बोलून बोलावलं. त्यांनी दुसरं टोक धरलं आणि सुरू झाले. जरा डावीकडे. अजून जरा डावीकडे. मी माझं टोक सोडलं. हात घामेजले होते. तुळई काकांच्या पायावर पडली. त्यांचा जावई कुंपणावरून उडी मारून आला. फुलझाडांत आमची झटापट झाली. माझ्या बरगडीत अजून कळ येते. मी त्याचा कान चावला. चावणं हा बचाव असतो, राग नव्हे.

१२ मार्च
साडूला फोन केला. कंबर धरली म्हणे. ऑफिसातल्या मित्राला केला. त्याने उचललाच नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. नकोच कुणी.

१४ मार्च, सकाळ
तुळईखाली एका बाजूला विटांची चळत, दुसऱ्या बाजूला मी. विटा सरकल्या. पुन्हा रचल्या, पुन्हा सरकल्या. मग घण घेतला आणि विटांचा पार चुरा केला. त्यानंतर खूप हलकं वाटलं.

१४ मार्च, संध्याकाळ
युक्ती सुचली. एका बाजूला फ्रिज, दुसऱ्या बाजूला बायकोचं लोखंडी कपाट. तुळई त्यावर अगदी ऐटीत बसली. थोडी तिरपी आहे, पण बसून बघणाऱ्याला कळणार नाही. कपाटातल्या साड्या पलंगावर नीट ठेवल्या. उद्या ती खूश होणार.

१५ मार्च, रविवार
आली. मेहुणा बरोबर होता, नाकावर पट्टी. हे कसं झालं म्हणून तिने माझ्याकडे बघून विचारलं. पडला, असं मी सांगितलं. मेहुण्याने नाकावरची पट्टी नीट केली. अंगणात तिने तुळईखालचं आपलं कपाट बघितलं. मेहुण्याने गाडीतून जॅक आणले, तुळईखाली लावले, कपाट आणि फ्रिज बाजूला ओढले. तुळई सरळ झाली. खरंच सुंदर दिसत होती. मला इतका आनंद झाला, की तुळई तिला दाखवायला मी पटकन हात वर केला.
ती एकदम खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर, मान गुडघ्यांत.
मला वाटलं, तिचं काहीतरी पडलं. कानातलं वगैरे. मीही खाली बसून शोधू लागलो. मेहुणा येऊन आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहिला. थोड्या वेळाने ती उठली.
"सामान नंतर नेईन," एवढंच त्याला म्हणाली. गाडी गेली.
मी अंधार पडेपर्यंत शोधत होतो. तुळईखालची सगळी माती हाताने चाळली.
काहीच पडलेलं नव्हतं.