टाकीखालच्या गल्लीत दहा दिवस पहाटे झालेल्या अंधाराबाबत

प्रति,
मा. विद्युत अभियंता,
दिवाबत्ती विभाग, नगरपालिका.

विषय: दिवे बंद केल्याची कबुली व वायरमनचे निलंबन मागे घेण्याची विनंती.

संदर्भ: १) रहिवाशांचा तक्रार अर्ज (त्यावर माझीही सही आहे).
२) आपला निलंबनाचा आदेश.

महोदय,

मी घर क्रमांक चौदामध्ये राहते. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतील दिवे दहा दिवस पहाटे बंद होते, त्यास सर्वस्वी मी जबाबदार आहे. नऊ वेळा हातही माझाच होता. दहाव्या वेळेचे खाली लिहिते. बाळ झोपेल तसा हा अर्ज लिहिला आहे, त्यामुळे तीन दिवस लागले. क्षमस्व.

२. त्या दिवसांत शुक्र, गुरू आणि शनी पहाटे टाकीमागच्या टेकडीवर एका रांगेत दिसत. बाळ साडेचारला दूध पिऊन झोपते, यजमान रात्रपाळीला असतात, सासूबाई बाळाशेजारी निजतात. त्यानंतरचा पाऊण तास काय तो माझा. लग्नाआधी मी फोटो स्टुडिओत होते, कॅमेरा तेव्हाचा आहे. परंतु दिव्यांचा पिवळा उजेड सगळ्या फोटोवर पसरत असे. चौथ्या खांबावरील पेटीचे झाकण तुटलेले आहे व आतल्या खटक्याला माझा हात पुरतो. पहिल्या दिवशी दोनच मिनिटे बंद केला. मग माझी भीड चेपली.

३. सव्वापाचला खटका आठवणीने वर करते, याचे मला कौतुक वाटत असे. पण त्यामुळेच आपल्या माणसांना दिवसा काही दोष सापडेना. त्यांनी पाचही दिवे बदलले. नंतर केबल तपासण्यासाठी आमच्या दारासमोर खड्डा खणला. मी त्यांना चहा दिला आणि गप्प बसले. शेजारच्या काकू तक्रार अर्ज घेऊन आल्या, म्हणाल्या, “तूही कर गं सही, तान्हं बाळ आहे तुझ्या घरात.” मी केली. सातवी सही माझी आहे, ती कृपया खोडावी.

४. दहाव्या पहाटे बाळ झोपेना, म्हणून त्याला खांद्यावर टाकून गेले. वायरमनदादा खांबाशी पाळतीवर बसले होते. मी जागच्या जागी सगळे सांगून टाकले. ते रागावतील असे वाटले होते. ते मान वर करून बराच वेळ पाहत राहिले. “बावीस वर्षं खांबावर चढतोय ताई, दिव्याच्या वर कधी बघितलंच नाही.” मग माझे हात अडकलेले पाहून त्यांनी स्वतःच खटका खाली केला व म्हणाले, एकच काढा, उद्यापासून बंद. आणि बाळाला टोपी घाला.

५. मी टाकीच्या भिंतीआड कॅमेरा लावला, तेवढ्यात आपले पर्यवेक्षक स्कूटरवरून आले. दादांचा हात पेटीवरच होता. बरोबर कोण आहे, असे त्यांनी दरडावून विचारले. “कोणी नाही, साहेब.” मी दहा पावलांवर होते. बाळाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले, पुढे झाले नाही. इतकेच नव्हे, शनी फिका पडू लागला होता, म्हणून तेव्हाच मी बटण दाबले. हे मी घरी कोणाला सांगितलेले नाही.

६. आदेश निघाल्यावर मी दादांच्या घरी गेले. ते दारात पायरीवर बसले होते. मी साहेबांना सांगते म्हटले तर म्हणाले, तुम्ही यात पडू नका. मग एवढेच विचारले, “फोटो आला का?” मी नाही म्हणाले. फोटो फार चांगला आला आहे. तीन ग्रह, टेकडी, आणि तळाशी स्कूटरच्या उजेडात मान खाली घालून उभे असलेले दादा.

७. तरी वायरमनदादांना कामावर घ्यावे व जी कारवाई असेल ती माझ्यावर करावी. तसेच पेटीला येत्या बारा तारखेच्या आत कुलूप बसवावे. त्या पहाटे गुरू आणि शुक्र अगदी शेजारी येणार आहेत व मला माझा भरवसा नाही.

आपली नम्र आणि अपराधी,
(सही)
घर क्रमांक चौदा
दिनांक: ३

(सही वाकडी आहे, बाळ मांडीवर आहे.)

सोबत: फोटो, एक. पुरावा म्हणून पाहून झाल्यावर तो वायरमनदादांना द्यावा, आणि आला होता म्हणून सांगावे.