रिकामी परत आलेली बाटली

आई,

आज रविवार आहे. दुपारी खराडीतून दोन पिशव्या भरून काचेच्या बाटल्या घरी आणल्या आणि आधीच्या रविवारच्या बाटल्यांसोबत ओट्यावर ओळीने मांडून ठेवल्या आहेत. अजून धुतलेल्या नाहीत. उद्या सकाळी ऑफिसात राजीनामा द्यायचा की नाही, हे या बाटल्यांवरून ठरवायचं आहे. असं कुणाला सांगितलं तर लोक हसतील. तू हसली नसतीस. बाटल्यांवरून कसं ठरवतात, ते मी तुझ्याकडूनच शिकले आहे.

तू गेलीस तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, त्यामुळे माझी नोकरी तू पाहिली नाहीस. आपल्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि गळ्यात ओळखपत्र घालून बाहेर पडणारीही पहिलीच. बाबा अजूनही ते ओळखपत्र देवाच्या फोटोशेजारी टांगतात. काम टेस्टिंगचं आहे. दुसऱ्यांनी केलेला प्रोग्राम कुठे अडखळतो, ते आम्ही शोधतो. पहिल्याच आठवड्यात आमच्या वरिष्ठ बाईंनी बजावलं होतं, "चाचणीत जे निघेल ते जसंच्या तसं लिहायचं. कुणाला वाईट वाटेल म्हणून हात लावायचा नाही." बाकीच्यांनी मान डोलावली. मी मात्र खाली बघत राहिले. का, ते शेवटी सांगते.

गेल्या वर्षी मी ऑफिसात तुझ्या पद्धतीची जवसाची चटणी डब्यातून नेली. आमच्या मजल्यावर निम्मे लोक आपल्या बाजूचे, वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडचे. डबा पाच मिनिटांत संपला. "विकत का नाही देत?" असं तीन-चार जणांनी विचारलं, आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मग मी एक साधं पान बनवलं, मोबाइलवर उघडणारं. एक फोटो, दोन ओळी, पत्ता लिहायची जागा. खाली तळटीप टाकली की बाटली संपली की कळवा, मी स्वतः न्यायला येईन. ऑनलाइन धंद्याचा एक कोर्सही केला. त्यात ग्राहकाची मुलाखत कशी घ्यायची, आलेख कसे काढायचे, सगळं शिकवलं. पण बाटली परत मागवायची कल्पना त्यात कुठेच नव्हती. ती तुझी आहे.

हडपसरच्या त्या खोल्यांची ओळ मला आता जशीच्या तशी दिसते. मी पाचवीत आहे. तू मार्केट यार्डात मिरचीच्या गाळ्यावर देठं खुडायला जातेस. नाकावर पदर घट्ट बांधतेस, तरी रात्रभर खोकतेस. संध्याकाळी घरी आलीस की आधी कोपरापर्यंत हात धुतेस, मग मला जवळ घेतेस, आणि तरीही माझे डोळे चुरचुरतात. एके दिवशी तू बारा छोट्या स्टीलच्या डब्या घेऊन येतेस आणि बाबांना म्हणतेस, "चटणी विकून पाहतो घरून. जमलं तर गाळ्यावर नाही जात मी." बाबा विचारतात, "अन् नाही जमलं तर?" तू म्हणतेस, "म्हणून तर आधी पाहून राहिली नं."

तू ओळीतल्या बाराही घरी चटणी भरून दिलीस, पैसे न घेता. एवढंच म्हणालीस की डबी तेवढी परत द्या. लोक रोज तुला थांबवून सांगायचे, फार छान झाली होती वहिनी. मी हरखून जायचे. तू नुसती "हो का" म्हणायचीस. आठ दिवसांनी तू मला पिशवी देऊन डब्या गोळा करायला पाठवलंस. मी त्या आणून तुझ्यापुढे ठेवल्या आणि तू एकेक झाकण उघडत गेलीस. एकीत दोन लाडू. एकीत लिंबाचं लोणचं. एकीत शेंगदाणे, एकीत गूळ. तीन डब्यांत नुसती साखर. बाराच्या बारा डब्यांत काही ना काही होतं. साखरेच्या डब्यांकडे तू जरा जास्त वेळ पाहिलंस. मी म्हटलं, "सगळ्यांना आवडली ना आई?"

तू म्हणालीस, "आवडली नं. पण एकबी डबी रिकामी नाही आली."

मला काहीच कळलं नाही. डबी रिकामी पाठवणं वाईट असतं, हे तूच मला शिकवलं होतंस. कुणाच्या घरचं भांडं परत करताना त्यात चिमूटभर साखर तरी घालायची. तेव्हा तू मला शेजारी बसवून समजावलंस, "हे शेजारपण झालं पोरी. त्यायनं घेतलं अन् फेडलं. ज्याले इकत घ्यायचं असते तो फेडत नाही. तो रिकामी डबी पुढं करते अन् म्हणते, भरून दे."

आई, तू दुसरीपर्यंत शिकलेली. चाचणी हा शब्दही कधी वापरला नसशील. ही गोष्ट किती मोठी आहे ते समजायला मला पदवी, आठ वर्षांची नोकरी आणि एक कोर्स लागला. कौतुक मोजायचं नाही, हे तुला कुणी सांगितलं? आपल्या लोकांची भलेपणाची रीतच आपल्याला फसवेल, हे आधी ओळखून तू तिच्यातूनच मोजमाप काढलंस. या दोन महिन्यांत मी कितीदा काम थांबवून नुसती याच गोष्टीकडे बघत बसले आहे. एखाद्या मोठ्या धरणाच्या भिंतीखाली उभं राहून वर बघावं, तसं वाटतं मला.

म्हणून मीही तसंच केलं. चाळीस बाटल्या गेल्या. ओळखीच्यांची नावं मी आधीच यादीतून बाजूला काढली. मामीने तीन वेगवेगळ्या नावांनी मागवल्या होत्या, त्याही पत्त्यावरून शोधून काढल्या. तिला फोन केला तर म्हणाली, "तुझा धंदा चालावा म्हणून केलं, आता काय केस करतेस?" ऑफिसातल्यांच्या बाटल्या परत आल्या त्या चॉकलेटं घालून, आभाराच्या चिठ्ठ्या घालून. एकीत तर मनीप्लांटची फांदी होती, पाण्यासकट. मोबाइलवर बदाम आणि टाळ्या किती आल्या, सांगत नाही. एका मैत्रिणीने लिहिलं, आईच्या हाताची आठवण झाली. तिची आई मला माहीत आहे, ती चटणी विकत आणते.

उरल्या अनोळखी लोकांच्या सतरा बाटल्या. गेले तीन रविवार मी त्याच गोळा करते आहे. आज शेवटचं घर होतं. जुन्या पुण्यातून मुलाकडे राहायला आलेले एक आजोबा. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"तुम्हीच का त्या जवसवाल्या? फोटोत बाटली मोठी दिसते."

"हो, फोटो जवळून काढलाय."

"मग लांबून काढा. मीठही जास्त आहे. इतकं मीठ कुठे घालतात?"

मी म्हटलं, "आमच्याकडे एवढंच घालतात, आजोबा."

"तुमच्याकडे ब्लडप्रेशर नसेल." त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. तळाला तेलकट चटणीचा एक कण, बाकी काही नाही. "धुतलेली नाही. तुम्हाला धुवायचीच आहे, मग दोघांनी कशाला कष्ट घ्यायचे? दोन द्या. मीठ कमी घालून. आणि वेळेवर."

दार बंद झालं. मी त्या जिन्यात बाटली धरून उभी राहिले. सतरापैकी ही नववी रिकामी बाटली. नऊ लोकांनी माझं काही फेडलं नाही, माझी विचारपूस केली नाही, कुणी चुका काढल्या, कुणी धड बोललंही नाही, आणि सगळ्यांनी म्हटलं, भरून द्या. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. रिक्षावाल्याने आरशातून पाहून विचारलं, "मॅडम, काचेचं काही फुटलं का?" मी नाही म्हटलं.

आता या नऊ बाटल्या माझ्यासमोर आहेत. राजीनामा लिहून तयार आहे. धाकधूक आहे, पण उत्तर मला कळलं आहे. तुझ्या मोजमापाने आलेलं उत्तर आहे, तेव्हा ते खरं मानून मी उद्या तो देणार. फक्त एक गोष्ट सांगितल्याशिवाय त्या बाटल्या धुवायला माझा हात पुढे जात नाही.

त्या दिवशी हडपसरला आपल्या खोल्यांच्या मालकीणबाईंनी डबी माझ्या हातात दिली ती रिकामी होती. म्हणाल्या, "संपली गं. आईला सांग, आणखी हाय का? असली तर भरून दे, पैसे देते. पन तिखट जरा कमी घाल म्हनावं." कोपऱ्यातल्या शिंप्याची रिकामी होती, आणि नळाजवळच्या नर्सबाईंचीही. मला त्या तिघांचा राग आला. वाटलं, तू एवढी राबलीस आणि यांनी चिमूटभर साखरही घातली नाही, वर तिखटाला नाव ठेवलं. तू बघशील तर तुला वाईट वाटेल. म्हणून तू नळावर गेलेली असताना मी आपल्याच डब्यातली साखर त्या तिन्ही डब्यांत घातली. निरोप सांगितला नाही. मालकीणबाई दोनदा मागणाऱ्यांतल्या नव्हत्या.

तू मला शेजारी बसवून रिकाम्या डबीचा अर्थ सांगितलास, तेव्हाच मला कळलं होतं मी काय केलं ते. मी बोलू शकले असते. तू उठलीस, ती साखर परत आपल्या डब्यात ओतलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाकावर पदर बांधून गाळ्यावर गेलीस. पुढे अकरा वर्षं जात राहिलीस.