ढग शिवणारीची मालमत्ता

पुढच्या खोलीतले शिवणयंत्र मला बेचाळीस हजारांना पडले, असे माझा मुलगा सगळ्यांना सांगत फिरतो. ते चूक आहे, म्हणून आधी हिशेब. लिलावात ते विकणारा मीच होतो आणि घेणाराही मीच. बेचाळीस हजार माझ्या एका खिशातून निघाले आणि दुसऱ्यात आले. गेली ती दलाली. विकणाऱ्याने स्वतःचीच वस्तू परत घेतली तर दोन्हीकडची भरावी, असा हॉलचा नियम आहे. शेकडा दहा आणि शेकडा दहा, मिळून आठ हजार चारशे. टेम्पो व हमाली, चार खेपा, चौदाशे पन्नास. एकूण नऊ हजार आठशे पन्नास. एवढी बेरीज ज्याला जमते त्याची बुद्धी ठिकाणावर आहे, हे मान्य व्हावे. डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे, तो केवळ मुलाच्या समाधानासाठी.

तेव्हा मी, लिलावघराचा निवृत्त मूल्यमापक, वय वर्षे चौऱ्याहत्तर, कोणाच्याही दडपणाखाली नसताना, चष्मा लावून आणि चहा घेऊन, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते आणि त्यात मुलीचे नाव नव्हते.

कलम पहिले. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे-निम्मे. मुलाने दुकानासाठी घेतलेले पैसे त्याच्या वाट्यातून कापू नयेत. ते मी कधीच सोडून दिले आहेत. त्याला सांगितले नाही, कारण त्या पैशांच्या धाकाने तो दर रविवारी भेटायला येतो.

कलम दुसरे. बँकेतील ठेवी दोघांना सारख्या. माझे भिंग आणि पितळी काटा मुलीला. ती विमा कंपनीसाठी दागिन्यांच्या किमती ठरवते. तिचा डोळा माझ्यावर गेला आहे, दुर्दैवाने स्वभावही.

कलम तिसरे. लिलावघराच्या मालकांना काहीही देऊ नये. आपल्याच जुन्या माणसाकडून दोन्हीकडची दलाली मोजून घेताना त्यांनी "घरचाच मामला आहे, अंदाजे" असे म्हटले होते. घरच्या मामल्यात पावती देत नाहीत. त्यांनी दिली.

'अंदाजे' हे माझे नाव नव्हे. मी त्या हॉलमध्ये कपाटे उचलायला लागलो. उचलता उचलता लाकूड कळू लागले, मग लाकडावरून घरे कळू लागली. एकदा मोठ्या मालकांनी गंमत म्हणून विचारले, "काय रे, याचे किती येतील?" मी आकडा सांगितला आणि तेवढेच आले. तेव्हापासून हेच नाव चिकटले. चाळीस वर्षांत माझा अंदाज शेकडा दहाच्या बाहेर गेलेला नाही. हॉलची दप्तरे बघावीत.

कलम चौथे, काल्पनिक मिळकत. वकीलसाहेबांनी हे कलम गाळा म्हणून सांगितले. गाळणार नाही, कारण भांडण याच मिळकतीवरून झाले.

माझी बायको घरी शिवणकाम करी आणि शिवता शिवता मुलांना गोष्टी सांगे. गोष्टी तिच्याच होत्या. सोन्याच्या ढिगावर वेटोळे घालून बसलेला गुहेतला अजगर, काचमहालाची राणी, आणि एक जादूगार, ज्याच्या पिशवीत हात घालावा तेव्हा एक मोहर निघे. मुलगा ऐकता ऐकता झोपून जाई. मुलगी माझ्याकडे धावत येई. "बाबा, अजगराकडे किती असतील हो? खरे खरे, आपल्या बाजारात?"

मग आम्ही बसत असू. गुहेची लांबी-रुंदी, अजगराच्या पोटापर्यंत सोन्याचा थर, वितळवण्यातली घट. एवढे सोने एकदम बाजारात आणले तर भाव पडणार, तेही धरायचे. शिवाय लुटलेल्या राजांचे दावे. गुहेचा कागद नाही. राणीचे प्रकरण त्याहून वाईट. तिचा महाल पुसायलाच वर्षाला इतकी माणसे लागत, की ती तोट्यात निघाली.

"आणि जादूगार?" मुलगी विचारी.

"त्याचं बरं आहे. दिवसभर हात घालत बसायचं. पेन्शनच म्हण."

"हात दुखला तर?"

यंत्र न थांबवता बायको म्हणे, "मग तो नोकर ठेवेल. नोकर पिशवी घेऊन पळेल. जेवायला चला."

अजगराची बेरीज मी शून्य काढली, तेव्हा मुलगी रडली होती. मी समजावले, "वस्तूची किंमत ठरायला दोन गिऱ्हाइकं लागतात, बाळ. याच्या गुहेत कुणी येतच नाही." ती म्हणाली, "म्हणजे तो बिचारा गरीब?" ती सात वर्षांची होती. या धंद्यात त्याहून नेमके बोलणे मी ऐकलेले नाही.

एकीचाच हिशेब राहिला. बायकोच्या गोष्टीत फाटलेले ढग शिवणारी एक म्हातारी होती. मजुरी घेत नसे, त्यामुळे धरायचे काय, हे आम्हाला सुचत नसे. बायको मान वर न करता म्हणे, "लावा की किंमत. बघू तरी." मी म्हणे, "मशीनचे तीनशे येतील. बाईंचं सांगता येत नाही." पुढे पुढे मुलगी पहिले वाक्य म्हणे आणि मी दुसरे. ते आमच्या घरात इतके मुरले, की पाहुण्यांना काही कळत नसे.

तीन वर्षांपूर्वी बायको गेली. खोली नातेवाइकांनी भरली होती, कोणी चादरी घड्या करत होते. मुलगी यंत्रापाशी उभी राहिली, त्याच्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, मशीनचे तीनशे येतील."

मी म्हणालो, "आईची राख अजून गरम आहे आणि तू भाव काढतेस? नीघ."

ती जरा वेळ थांबली, बहुधा दुसऱ्या वाक्यासाठी. मग चपला घालून गेली.

यंत्र मला डोळ्यांसमोर नको झाले, म्हणून मी ते हॉलमध्ये पाठवले. लिलावाच्या दिवशी ते जाऊही देववेना, म्हणून जाऊन, कारकून फोनवरच्या बोली घेतो त्या टेबलाशेजारी बसलो. बोली शंभरपासून सुरू झाली. पाचशेवर सगळे गप्प झाले, उरलो मी आणि फोनवरचे एक गिऱ्हाईक. माझे गुडघे गेले आहेत, कान अजून तरुण आहेत. कारकुनाने आकडा सांगितला आणि रिसीव्हरमधून आवाज आला, "आणखी."

लहानपणी जेवताना ती अशीच म्हणायची, 'ख'वर जोर देऊन. हॉलच्या याद्या तिच्या ऑफिसात जातात. यादीत तिने आईचे यंत्र ओळखले असणार. तीनशेचा भाव काढणारी मुलगी तीन हजारांवर "आणखी" म्हणत होती, तेव्हा मला त्या दिवशीचे पहिले वाक्य समजले.

तेव्हाच थांबायला हवे होते. मी थांबलो असतो, तर यंत्र तिला मिळाले असते. पण ती बोलायचीही थांबली असती. म्हणून मी हात वर करत राहिलो आणि ती "आणखी" म्हणत राहिली. हॉलमधले लोक हसू लागले. एकेचाळीस हजारांवर ती थांबली. मग कारकुनाने फोन ठेवला. मुलगा ज्याला वेड म्हणतो ते एवढेच आहे.

दुसऱ्या दिवशी यंत्र तिच्या दारी पाठवले. त्याच टेम्पोतून परत आले. ड्रायव्हरने निरोप सांगितला, "ताई म्हणाल्या, बोलीत हरलेली वस्तू घरात घ्यायची नाही, हे बाबांनीच शिकवलंय." हे खरे आहे, मीच शिकवले. फोन करतो, तर ती "बरी आहे" म्हणते आणि ठेवते. तेव्हा एकच वाट उरते. वारशात बोली नसते, म्हणून हारही नसते. वकीलसाहेब म्हणतात, वारसही नाकारू शकतो. माहीत आहे. तरी लिहितो.

जादूगाराची पिशवी मुलाला. त्याला रोख लागते. काचमहाल ज्याला पुसायचा असेल त्याला. गुहा कोणालाही देत नाही. तीन वर्षे मी तिच्यात राहतो आहे, ती माझ्याबरोबरच बंद व्हावी.

शिवणयंत्र मुलीला. मुलाने स्वतः नेऊन द्यावे, टेम्पोवाल्याच्या हाती पाठवू नये. दारात उभे राहून तिला माझे राहिलेले वाक्य सांगावे: बाईंचं सांगता येत नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले, पटले, म्हणून साक्षीदारांसमोर सही करतो. ठिकाण: पुढची खोली, यंत्राशेजारी. चार मार्च, सोमवार, सकाळ.

लिहून ठेवणार: अंदाजे (सही)
साक्षीदार: शेजारचे चष्मेवाले (सही)
साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही)

वकिलांच्या आग्रहावरून जोडलेले त्रयस्थ मूल्यांकन: शिवणयंत्र, पायाचे, नग एक. पट्टा तुटका, चाक गंजलेले. भंगारभावाने ऐंशी.