इस्त्रीच्या निबंधातला आमचा पंखा

प्रिय मामा,

नमस्कार. वाकून केलाय असं समज. (आई म्हणाली, पत्रात मामाला 'तुम्ही' लिहायचं. पण लहानपणी तू मला खांद्यावर बसवून दाराच्या चौकटीवर आपटलं होतंस, तेव्हापासून 'तुम्ही' जमत नाही.) तुझी तब्येत कशी आहे? मामी बरी आहे ना? तुझं पोट आत गेलं का, हे आईने विचारायला सांगितलंय. मी विचारलं नसतं, मला फोटोत दिसलंय. इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून. माझी मजा तू घालवलीस. फोनवरच भांडलो असतो, पण माझा फोन बाबांच्या कपाटात कुलूपबंद आहे. (त्याचं कारण वेगळं. मी हेडसरांचा आवाज काढून शिपाईकाकांना फोनवर सुट्टी देऊन टाकली. काका बिचारे घरी गेले आणि शाळेची घंटाच वाजली नाही. पोरं खूश होती. हेडसर नव्हते.)

आता मुद्द्यावर येतो. मागे आला होतास तेव्हा छाती फुगवून सांगत होतास ना, की तुमच्या ऑफिसात पोरांना आणि शिक्षकांना लिहायला मदत करणारी साइट बनवतात आणि तिच्यातलं 'सगळं मान्य' हे बटण तू एकट्याने बनवलंय? ती साइट आमच्या शाळेत आली. आणि तुझ्या त्या बटणाने माझं वाटोळं केलं.

तुला माहितीये, मी गणितात आपटलेला, विज्ञानात काठावर, पण निबंधाच्या तासाला राजा. भाषेच्या बाई सगळ्यांच्या वह्या तपासायच्या आणि शेवटी माझा निबंध वाचून दाखवायच्या. वाचताना त्यांना हसू यायचं, मग रुमाल तोंडावर धरायच्या, मग वर्ग हसायचा. तेवढा एक तास मी शाळेत जातो याचं मला बरं वाटायचं. आता बाई वह्या घेतच नाहीत. संगणकाच्या खोलीत बसायचं, साइटवर लिहायचं आणि ती साइट बाजूला हिरव्या-लाल रेघा मारणार. आम्ही तिला 'दुसऱ्या बाई' म्हणतो. या दुसऱ्या बाईंना माझं काहीच आवडत नाही. 'वाक्य लांब आहे.' 'विषय सुटला आहे.' एकदा तर 'हा विनोद आहे का?' अरे मामा, हे म्हणजे नाचणाऱ्याला 'पाय मुरगळला का?' विचारण्यासारखं झालं. आणि आमच्या खऱ्या बाई, ज्या माझ्या होत्या, त्या आता दुसऱ्या बाईंच्या खांद्यावरून वाकून माझ्या लाल रेघा मोजतात.

आणि त्या इस्त्रीला पाच तारे! इस्त्री म्हणजे आमच्या वर्गातला तो मुलगा, ज्याच्या शर्टाला शाळा सुटतानाही सुरकुती नसते. त्याचे निबंधही तसेच. 'माझे घर स्वच्छ व हवेशीर आहे. आमच्या घरात आम्ही तिघे राहतो. मला माझे घर आवडते.' बास, संपलं घर. याला पाच तारे, वर पडद्यावर टाळ्या वाजवणारे दोन हात. मी त्याच्यावर जळतो असं समजू नकोस. फक्त ते दोन हात दिसले की मी खुर्ची फिरवून बसतो.

त्यात पालकसभा आली. यंदा सर्वांत चांगला निबंध पालकांसमोर स्टेजवरून वाचायचा ठरला, विषय 'माझं घर'. मामा, आजवर बाबा पालकसभेला आले की दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक सोडून येतात (पंखे, मिक्सर, इस्त्र्या उघडून पडलेल्या असतात) आणि मान खाली घालून माझे प्रताप ऐकून परत जातात. मला एकदाच, एकदाच त्यांना मान वर करून बसलेलं बघायचं होतं. म्हणून मी जीव ओतून लिहिलं. दुसऱ्या बाईंनी दोन तारे दिले आणि वाक्यं तोडायला सांगितलं.

मग साइटवर 'सोबत्याला मदत करा' म्हणून आलं. म्हणजे एकाचा निबंध दुसऱ्याकडे जाणार, त्याने बदल सुचवायचे, सुचवणाऱ्याचं नाव गुप्त. (भांडणं नकोत म्हणून म्हणे. कुणाचं डोकं हे? तुझंच असणार.) आणि माझ्यासमोर कुणाचा निबंध उघडावा? इस्त्रीचा! मी म्हटलं, चल बेट्या, आज तुझी घडी मोडतो. त्या स्वच्छ व हवेशीर घरात मी आमचं अख्खं घर घुसवलं. आमचा पंखा घातला, जो बाबांसारखाच कुरकुरतो आणि बाबांसारखाच, कुणी लक्ष दिलं नाही की जास्त. बाबा बाहेर पडताना कुलूप ओढून बघतात, कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा ओढतात आणि एकदा कडीच हातात आली, ती घेऊन तसेच लग्नाला गेले, ते घातलं. राग आला की ते ओरडत नाहीत, मला 'अहो-जाहो' करतात, 'या साहेब, जेवायला सवड आहे का आपल्याला?', तेही घातलं. दुकानाचं तेवढं गाळलं. इस्त्रीचे वडील ऑफिसात नोकरीला, लगेच पकडलो गेलो असतो. म्हटलं आता वाचेल, भडकेल, बाईंकडे रडत जाईल.

पण तुझं बटण! सोबत्याची सूचना मान्य केली की तारा मिळतो, हे कुणी ठरवलं रे? इस्त्रीने एक अक्षर न वाचता 'सगळं मान्य' दाबलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी निबंध वाचला, रुमाल तोंडावर गेला, डोळ्यांत पाणी आलं आणि पालकसभेसाठी इस्त्रीची निवड झाली. मी उभा राहून म्हणालो, बाई, ते माझं आहे. बाई म्हणाल्या, "दुसऱ्याचं कौतुक झालं की लगेच पोटात दुखतं का रे तुझ्या?" सगळा वर्ग हसला. माझ्याच निबंधाला हसले त्याहून जास्त.

मधल्या सुट्टीत इस्त्रीला धरला. म्हटलं, खरं सांग, तुमच्याकडे पंखा कुरकुरतो? तो म्हणाला, "आमच्याकडे एसी आहे. पण साइटने मान्य केलंय, म्हणजे बरोबरच असणार." आता याला काय मारणार?

पालकसभेत इस्त्रीने तो निबंध घडाघडा पाठ म्हटला. एवढंसुद्धा हसला नाही, त्यामुळे लोक आणखी हसले. त्याचे वडील पहिल्या रांगेत, त्याच्या आईकडे वळून वळून बघत होते, की मी कडी घेऊन कुठल्या लग्नाला गेलो होतो? पण सभा संपल्यावर लोक हात मिळवायला लागले तसे खुलले. एकाला म्हणाले, "हो, कुलपाच्या बाबतीत मी जरा काळजी घेतोच." त्यांनीही सगळं मान्य केलं, मामा!

आणि आमचे बाबा? बाबा माझ्या शेजारी बसून हसत होते. मान वर करून. मी निबंध ऐकलाच नाही, त्यांच्याकडेच बघत होतो. आम्ही घरी निघालो. वाटेत म्हणाले, "पोरगं बापाकडे किती बारकाईने बघतं रे. हेवा वाटला बुवा त्या बापाचा." मी रस्त्यातच थांबलो. म्हटलं, बाबा, तो बाप तुम्हीच आहात, ते मी लिहिलंय. तर म्हणाले, "हो का साहेब? आणि शिपायाला सुट्टी हेडसरांनीच दिली होती, नाही का?"

घरी आल्यावर बाबांनी कुलूप उघडलं, आत गेले, परत बाहेर येऊन कडी बघितली. पंखा लावला, तो कुरकुरला. आणि तरी त्यांना कळलं नाही! आता तूच सांग, मी इस्त्रीवर जळू, दुसऱ्या बाईंवर जळू, की स्वतःवर?

मामीला नमस्कार, तुझ्या पोटाला शुभेच्छा.

तुझा (दोन ताऱ्यांचा) भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. तुमच्या ऑफिसात कुणी काय सुचवलं ते दिसत असणारच. ते बघ आणि बाबांना एक फोन कर. पालकसभा झाली, बक्षीस गेलं, ते जाऊ दे. फक्त सांग, तो पंखा आमचाच आहे. (बाबा तुझ्यावरही फारसा विश्वास ठेवत नाहीत, पण माझ्यापेक्षा बरा.)

ता. क. दुसरा. कडीचा भाग मात्र इस्त्रीने स्वतः लिहिला असं सांग. त्या लग्नाची गोष्ट बाबांनी कुणाला न सांगायची मला शपथ घातली होती.

ता. क. तिसरा. हे पत्र शाळेत साइटवर टाकून बघितलं. एक तारा. 'लेखनाचा सूर : मत्सरी.' हे बिघडलंय, दुरुस्त करा.

ता. क. चौथा. पाकिटाला डिंक लावत होतो, तर बाबा स्टूल घेऊन आले, चढले आणि पंख्याची पाती पुसायला लागले. मी म्हटलं, तेल पण घालून टाका ना, कुरकुर जाईल. तर खाली न बघता म्हणाले, "नाही हो. असू द्या. निबंधातला पंखा आहे तो." मग उतरले आणि म्हणाले, "ती कडी मात्र गाळायला हवी होती, साहेब."

तेव्हा फोन करू नकोस. इस्त्रीचे तारे तेवढे कमी कर.