तळ्यातल्या झोपड्या

२४ सप्टेंबर १९५६

रत्नाकर साहेबांना पुण्याहून इथे बंगलोरच्या कचेरीत येऊन सहा महिने नाहीत झाले, आणि मला पाऊस शिकवतात! नव्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या म्हणे यशवंतपूरच्या कोरड्या तळ्यात घालायच्या. जागा सपाट, कामाला जवळ. म्हटलं, "साहेब, तिथे पाणी भरतं." तर हसले. "गुंडोराव, पाऊस संपत आला. दसऱ्यानंतर कुठला?"

सतरा वर्षं रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहितोय मी. मान्सून पंजाबातून, नागपुरातून माघारी फिरतो तेव्हाच आमच्याकडे त्याचा जोर. मग वारा उलटतो, पूर्वेच्या समुद्राकडून ढग येतात. एवढा मोठा देश — पुण्याचा ऑक्टोबर तोच इथला कसा असेल?

२६ सप्टेंबर

सतरा वर्षांचे आकडे टाइप करून, सोबत पत्र जोडून त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला.

१ ऑक्टोबर

चाळीस झोपड्या उभ्या राहिल्या. साइटवर गेलो होतो. मल्लाप्पा गवंड्यानं खालून हाक मारली, "बन्नी अण्णा, या, घर बघून जा." त्याच्या बायकोनं दारात रांगोळीसुद्धा काढलेली. थांबलो नाही. साहेबांना दुसरं पत्र द्यायचं होतं. या खेपेस पोच घेतली, सहीनिशी.

१२ ऑक्टोबर

एका दुपारी साडेतीन इंच. तळं छातीपर्यंत भरलं. माणसं बांधावर पळाली, भांडी-अंथरुणं गेली. मल्लाप्पाची बायको शेळी सोडायला मागे फिरली, तिचं प्रेत संध्याकाळी बांधाशी सापडलं.

साहेब म्हणतात, "असा पाऊस अपेक्षित नव्हता." अपेक्षित नव्हता! काही बोललो असतो तर नोकरी गेली असती.

१५ ऑक्टोबर

आज मोठ्या साहेबांनी बोलावलं. आकड्यांचा कागद, दोन्ही पत्रांच्या प्रती, पोच — सगळं पुढे ठेवलं. रत्नाकर साहेब खाली बघत उभे. मोठे साहेब म्हणाले, "गुंडोराव, तुमच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही." घरी येऊन तीन दिवसांनी पोटभर जेवलो.

१६ ऑक्टोबर

मल्लाप्पा भेटला. त्याला सगळं सांगितलं, पत्रंही दाखवली. त्याला वाचता येत नाही. कागद परत देत हळूच कन्नडात म्हणाला, "साहेबांना दोनदा सांगितलंत. आम्हाला का नाही सांगितलंत, अण्णा?"