वेरीनाची कबुली

प्रिय अदली,

पाकिटावर मी 'अबूना बिसेंती' हे तुझं पाद्रीचं नावच लिहिलंय, कारण टपालवाल्याला आणि नदीपलीकडच्या तुझ्या गावच्या लोकांना तेच नाव ठाऊक आहे. आतल्या कागदावर मात्र आईनं ठेवलेलं नाव लिहिणार. तुला दीक्षा मिळाली तेव्हा सगळ्यांच्या आधी मीच तुझ्या हाताचं चुंबन घेतलं होतं, आणि त्याच हाताची नखं तू आठ वर्षांचा होईपर्यंत मीच कापत होते. तेव्हा वाचताना दाढीवरून हात फिरवत बसू नकोस. तीन आठवडे झाले, तू माझा फोन घेत नाहीस. तुझी बायको घेते, "अबूना प्रार्थनेत आहेत" म्हणते, आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. खोकला अजून गेलेला दिसत नाही. पेरूची पानं उकळून पी.

इकडचं सांगायचं तर माझे गुडघे तसेच आहेत. यंदा मुलूखियाची पालेभाजी गच्चीवर वाळवली, पण निम्मी शेजारच्या उम्म हबीबच्या कोंबड्यांनी खाल्ली. तिच्याशी भांडायला गेले तर तिनंच मला पकडलं. "काय गं इनसाफ, देव बदललास म्हणे?" जिन्यात चार बायका उभ्या होत्या. मी म्हटलं, "देव तोच आहे, बाकं तेवढी वेगळी आहेत. आणि तुझ्या कोंबड्यांना आवर." बायका हसल्या. तीही हसली, पण संध्याकाळपर्यंत सगळ्या मल्लावीत झालं, की इनसाफनं कबूल केलं. कबूल करायला काय, मी कधी लपवलंच नव्हतं. रविवारी संध्याकाळी भर रस्त्यानं, माझी काळी चांगली पर्स घेऊन, मुलीचा हात धरून मी प्रॉटेस्टंटांच्या चर्चमध्ये जाते. आणि शुक्रवारी सकाळी आपल्या चर्चमध्ये, जिथे माझा बाप्तिस्मा झाला तिथे, खांबाजवळच्या माझ्या जागेवर उभी असते. दोन्हीकडे जाते. तुला जे झोंबलंय ते हेच ना?

मरियेच्या उपासात तू जेवायला आला होतास त्या दिवसाबद्दल मला बोलायचंय. तू डाळीला हातही न लावता म्हणालास, "माझीच बहीण तिकडे जाऊन बसते, मग मी माझ्या लोकांना कोणत्या तोंडानं सांगू? पोरीला तिकडून काढ. नाहीतर प्रभुभोजनाच्या रांगेत तुम्ही दोघी मला दिसू नका." मी विचारलं, तिकडे ती का जाते ते विचारलंस का? तू म्हणालास, "तिला काय कळतंय? हातवारे करणारे लोक भेटले, करमतं तिला." वेरीना समोरच बसली होती, अदली. तिला ओठांवरचं सगळं नाही कळत, पण तुझं तोंड ती लहानपणापासून वाचत आलीय. तुझ्या दाढीमुळे अर्धंच कळतं म्हणते, पण ते अर्धं तिला कळलं. ती उठून भांडी घासायला गेली ती तू जाईपर्यंत बाहेर आली नाही. मीही त्या दिवशी गप्प बसले, कारण जे सांगायचं होतं ते माझं नव्हतं. आता तिनं मला परवानगी दिलीय.

आधी थोडं मागचं. दोन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले, हे तुला माहीतच आहे. मिन्या शहरातल्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत ती राहायला असायची आणि गुरुवारी घरी यायची. दर शुक्रवारी मी तिला चर्चमध्ये तीन तास माझ्या बाजूला उभी करायचे. नऊ वर्षांची असताना तिनं घरी येऊन खुणांनी विचारलं होतं, तो माणूस आपल्याकडे पाठ करून भिंतीशी काय बोलतो? तिचे बाबा ज़रीफ आणि तू किती हसला होतात. मीही हसले. तिला उत्तर द्यायला माझ्याकडे खुणाच नव्हत्या. ये, जा, जेव, झोप, लाज नाही वाटत, एवढ्याच खुणा मला येत होत्या. एवढ्यावर मी तिला वाढवली. शाळेत ती दुसरीच भाषा बोलायची, भरभर, हसत, मैत्रिणींशी. मी तिला आणायला जायचे तेव्हा फाटकातून बघायचे. बसमध्ये बसलो की तिचे हात मांडीवर गप्प पडायचे. ती भाषा आपणही शिकावी, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. यात तुझा काही दोष नाही, तो माझाच.

तू मल्लावीत होतास तेव्हा कबुलीसाठी ती तुझ्याकडेच यायची. रांगेत उभी राहायची, तिचा नंबर आला की तू हसून तिच्या डोक्यावर क्रूस ठेवायचास, क्षमेची प्रार्थना म्हणायचास आणि तिला पुढे पाठवायचास. बायका विचारायच्या तर म्हणायचास, "या लेकराची कसली आलीत पापं?" सगळ्यांना ते किती गोड वाटायचं. मलाही वाटायचं. ज़रीफ गेल्यानंतर ती दर आठवड्याला यायला लागली तेव्हा तू मला म्हणालास, पोरगी किती श्रद्धाळू झालीय बघ. एकदा तिनं तुला कागद दिला होता. आठवतो? शाळेत शिकलेलं तिचं मोडकंतोडकं लिहिणं. तू दोन ओळी पाहिल्यास, तुला अक्षर लागलं नाही, घडी घालून झग्याच्या खिशात टाकलास आणि तिच्या गालावर हात ठेवून वर आकाशाकडे बोट दाखवलंस. म्हणजे देव वाचेल.

प्रॉटेस्टंटांच्या पाळकाची बायको नादरा, तिचे आईबाप दोघंही मुके-बहिरे होते. तिच्यामुळे तिथे रविवारी संध्याकाळी हातांनी उपासना होते. वेरीनाच्या शाळेतल्या मैत्रिणी जायच्या, तीही जायला लागली. मी भांडले, दाराला कडी घातली, एकदा तर हात उगारला. मग तिच्यावर नजर ठेवायला म्हणून मीच मागोमाग गेले आणि शेवटच्या बाकावर चेहरा पाडून बसले. पंधरा-सोळा माणसं असतील. आवाज नाही, नुसती बाह्यांची सळसळ आणि बाकांची करकर. प्रार्थना सुरू झाली तशी मी सवयीनं डोळे मिटले, तर वेरीनानं माझं कोपर ओढलं. तिच्या हातांचा अर्थ मला कळला नाही. शेजारच्या माणसाला थोडं ऐकू येत होतं, त्यानं सांगितलं, "ती म्हणतेय, डोळे मिटलेस तर तुला ऐकू कसं येणार?" घरी आल्यावर मी कडी काढून टाकली. त्या मंगळवारपासून मी नादराकडे शिकायला जायला लागले. वय बावन्न, बोटं संधिवाताची. लहान पोरं माझ्या चुका बघून हसून लोळायची. एकदा मला 'आशीर्वाद' म्हणायचं होतं आणि मी 'कोबी' म्हणाले.

पाच महिन्यांनी, मे महिन्यात, आम्ही दोघी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होतो. तिनं ताट बाजूला सरकवलं आणि हातांनी बोलायला लागली. मला तुटकतुटक कळलं. बाबा. काठी. जमीन. पाय. मग एक खूण मला येत नव्हती. मी म्हटलं, पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं. मला तरीही कळेना. तिसऱ्यांदा सांगताना ती उठली, खुर्ची फिरवली, खिडकीकडे तोंड करून बसली आणि तशीच बसून राहिली. तेव्हा मला कळलं.

तुला आठवत असेल, ज़रीफ कारखान्यातून आजारी होऊन आला तो पुन्हा तिथल्या वजनकाट्यावर कामाला गेला नाही. शेवटच्या महिन्यात तो खाटेवर होता. त्या आधी त्यानं वेरीनाचा शाळेचा दाखला कपाटात कुलपात ठेवला होता. मैत्रिणींबरोबर मिन्याच्या शिवणकामाच्या कारखान्यात जायचं नाही, बहिरी पोर घरातच बरी, असं त्याचं म्हणणं. त्या दुपारी मी त्याच्या गोळ्या आणायला गेले आणि तिला म्हटलं, बाबांकडे बघत बस. ती रागात होती. तिनं खुर्ची फिरवली आणि त्याच्याकडे पाठ केली. आपण कान झाकतो, ती पाठ फिरवते. ज़रीफला तिला बोलवायचं असलं की तो काठीनं जमीन ठोकायचा, तिला पायाला कळायचं. त्यानं तीनदा ठोकलं. तिला तिन्ही वेळा कळलं. ती वळली नाही. चौथ्यांदा काही झालं नाही, तरी ती वळली नाही. मी आले तेव्हा तो गेलेला होता आणि ती खिडकीशी बसली होती.

आणि आपण काय केलं? मी सगळ्यांना सांगत सुटले, बिचारीला ऐकूच आलं नाही. मयताला आलेल्या बायका तिला कवटाळून रडल्या. तू चर्चमध्ये उभा राहून म्हणालास, वडील हाक मारत असतील आणि या निष्पाप लेकराच्या कानी ती पडली नसेल, देवाची लीला. लोक रडले. ती तुझं तोंड वाचत होती, अदली. तेव्हा तुझी दाढी एवढी मोठी नव्हती.

डॉक्टर म्हणाले होते की रक्ताची गाठ हृदयात गेली, मी घरात असते तरी काही करता आलं नसतं. ते मी तिला सांगितलं, पण लगेच नाही. खरं लिहिते, दोन दिवस मला तिच्याकडे बघवलं नाही. ताट तिच्यासमोर ठेवायचे आणि गच्चीवर जायचे. तिसऱ्या दिवशी तिला घेऊन नादराकडे गेले. तिथे तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि नादरानं तिला 'तुझं काही चुकलं नाही' असं म्हटलं नाही. चुकलं, असंच म्हणाली. मग तिचे दोन्ही हात धरून ठेवले. ज़रीफ गेल्यापासूनच्या चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या मुलीला ती चुकू शकते एवढा मान दिला. त्या दिवशी ती घरी येऊन अठरा तास झोपली.

म्हणून तू सहीसाठी पाठवलेला हमीचा कागद मी परत पाठवतेय, सही न करता. 'मी माझ्या मुलीला परक्या उपासनेपासून दूर ठेवीन' असं मी लिहून देणार नाही. निवड झालेली आहे. वेरीनानं ती केलीय, ती चोवीस वर्षांची आहे. नव्या वर्षाच्या, नैरूझच्या रविवारी तिचं नाव त्या चर्चच्या वहीत चढेल आणि त्यानंतर ती तिथे लहान बहिऱ्या मुलांना शिकवेल. मी मात्र आपलं चर्च सोडणार नाही. मी उपास करीन, शुक्रवारी उभी राहीन, आणि प्रभुभोजनाच्या रांगेतून मला काढायचं असेल तर तू स्वतः नदी ओलांडून ये आणि सगळ्यांसमोर काढ. मी ओरडणार नाही. फक्त हलणार नाही.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. वेरीना येत्या शुक्रवारी सकाळच्या फेरीबोटीनं तुझ्या गावी येणार आहे. मिस्सा संपली की कबुलीच्या रांगेत ती शेवटी उभी राहील. तुझ्याकडून तिला क्षमा नकोय, ती तिला मिळालीय. ती म्हणते, मामांनी चार वर्षं मला न ऐकता माफ केलं, त्याबद्दल मला मामांना माफ करायचंय, आणि ते मी त्यांच्यासमोर उभी राहून करणार. मी दुभाषी म्हणून येणार नाही, कबुलीत तिसरं माणूस नसतं हे तूच शिकवतोस. नादराला मी विचारलंय. तू निरोप दिलास तर ती बुधवारी आणि गुरुवारी पलीकडे येईल आणि तुला निदान पंधरा-वीस शब्द शिकवील. तुझ्या काठावर कोणी बघेल याची भीती वाटत असेल तर ती म्हणते, बुरखेवाल्या बायकांसारखा काळा झगा घालून येईन. निरोप दिला नाहीस तरी वेरीना येणारच. फक्त दाढी थोडी कापून ठेव, तिला तुझे ओठ दिसू देत.

तुझीच मोठी बहीण,
इनसाफ