सत्कारातून सूट मिळण्याबाबत

बडनेरा,
दि. २९ ऑगस्ट २०२४

प्रति,
मा. गुणगौरव अधिकारी,
विभागीय शिक्षक गौरव कक्ष,
अमरावती.

(प्राचार्य सत्काराच्या मंडपाच्या कामात असल्याने अर्ज थेट सादर.)

विषय : ‘आदर्श शिक्षक’ म्हणून सलग दुसऱ्या वर्षी होणारा माझा सत्कार रद्द करण्याबाबत.

संदर्भ : आपले अभिनंदनाचे पत्र, जे आल्यापासून घरात कोणी हसलेले नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार मूर्तिजापूर येथील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतो. म्हणजे वर्गात जेवढे तास शिकवले तेवढ्याचेच मानधन. पेपर तपासणे, परीक्षेला पहारा देणे, तपासणी समिती येणार म्हणून फायली सजवणे आणि पाहुण्यांना स्टेशनवरून आणणे हीही कामे अर्जदाराकडेच आहेत, परंतु ते शिकवणे नव्हे. मे महिन्यात महाविद्यालय बंद, म्हणून मानधनही बंद. याबाबत येथे तक्रार नाही. ती मागील अर्जात केली होती व तो अर्ज आपल्या कार्यालयात सुखरूप आहे.

२. शिक्षक दिनी आमच्याकडे विद्यार्थी शिकवतात व शिक्षक मागच्या बाकावर बसतात, अशी जुनी प्रथा आहे. त्यामुळे शिक्षकांचा सन्मान होतो आणि अर्जदाराच्या तासिका बुडतात. आदल्या दिवशी रंगीत तालीम असते, तेव्हाही बुडतात. शिवाय ज्याचा सत्कार त्याने स्टाफरूमला खाऊ घालायचे, असा दंडक आहे. गतवर्षी कायम नोकरीतल्या सहकाऱ्यांनी अर्जदाराच्या खर्चाने पोटभर गिलावडे खाल्ले आणि “सर, सत्कार काय रोज रोज होते?” असे म्हणून वरून चहाही मागवला. रोज होत नाही, हे अर्जदाराचे नशीब.

३. खरी अडचण पुढेच आहे. सत्काराचा फोटो वर्तमानपत्रात आला आणि तो घरमालक देवमनजी यांनी पाहिला. “सर, तुमी सायबाच्या हातून शाल घेऊन राहिले अन् मले भाडं जुनंच देऊन राहिले, हे कावून?” असे विचारून त्यांनी भाडे वाढवले. तासिका म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगितले. ते म्हणाले, “एवढ्या कमी पैशात कोनी आदर्श होते काय?” या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्रात नाही. आपल्या कक्षाकडे असल्यास कळवावे. यंदा फोटो पुन्हा छापून आल्यास भाडे पुन्हा वाढेल, ते देणे शक्य नाही आणि खोली सोडावी लागेल. पत्नी ज्योत्स्ना हिने भांडी बांधायला खोकी आणून ठेवली आहेत. तिचे म्हणणे, “आदर्शाचं काय करू? मले खोली पायजे.” अर्जदारास याचे वाईट वाटते आणि रागही येतो.

४. सबब, सदर पुरस्कार एखाद्या कायम शिक्षकास देण्यात यावा. त्यांना तो परवडतो.

५. पुरस्कार बदलणे नियमात बसत नसल्यास, अर्जदार समारंभास हजर असणारच आहे. त्या दिवशीच्या भोजनाचे काम आचारी पुंजारामभाऊंकडे आहे व सुटीच्या दिवशी अर्जदार त्यांच्याकडे वाढपी असतो. पाच सप्टेंबरला तासिका नाहीत हे कळताच त्यांनी बोलावून घेतले. पंगतीला उशीर झाला तरी ते थांबल्या वेळेचे पैसे देतात, ही पद्धत शिक्षण खात्यात अद्याप आलेली नाही. त्या दिवसाची मजुरी देवमनजींना कबूल केलेली आहे. मात्र वाढता वाढता मध्येच निघून जाणाऱ्याची मजुरी पुंजारामभाऊ कापतात. तरी पंगत सुरू असताना अर्जदाराचे नाव व्यासपीठावरून पुकारू नये.

तसेच मान्यवरांच्या पंगतीत आपल्या पानावर वरण वाढायला अर्जदारच येईल. त्या वेळी कृपया ओळख दाखवू नये, ही विनंती.

आपला, तासिकेपुरता आदर्श,

(सही)
नितेश सूर्यभान तायडे